त्र्यंबकक्षेत्राचें विहंगमदर्शन

श्रोतेहो, आकाशांतून भूमि पाहण्याची हौस आपल्याकडे विमानांहून कितीतरी जुनी आहे. कालिदासानें रघुवंशाचा तेरावा सर्ग या एका कल्पनेवर उभा केला. लंकेहून परतणारे रामचंद्र पुष्पक विमानांतून सीतेला खालचा प्रदेश दाखवीत येतात. त्यांत समुद्र येतो, जनस्थान येतें, आणि आपली पंचवटी व गोदावरीही येते. या वर्णनांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राम सीतेला जो प्रदेश दाखवितो, त्यांतील पुष्कळसा त्यानें आधीं पायांखालीं घातलेला आहे. अरण्यांतून चालतांना जें तुकड्यातुकड्यांनीं पाहिलें, तेंच वरून एकत्र दिसतें. आणि म्हणूनच त्याला इतकें बोलण्यासारखें सांपडतें.

पुष्पक विमान आपल्या वांट्यास येणें शक्य नव्हतें. पण हेलिकॉप्टर नांवाचें यंत्र आलें. केदारनाथ, वैष्णोदेवी यांसारख्या क्षेत्रीं यात्रेकरूंची नेआण त्यानें होऊं लागली, आणि केवळ देखावा पाहण्यासाठीं शहरांवरून व डोंगरांवरून थोडा वेळ फिरून येण्याची चालही जगभर पडली. नाशिककरांस तर हें यंत्र मुळींच नवें नाहीं. नाशिकरोडजवळ गांधीनगर येथें लष्करी वैमानिकांना हेलिकॉप्टर चालविण्यास शिकविणारी भारतीय सैन्याची शाळा आहे; तिच्या यंत्रांची घरघर शहराच्या कानांस सरावाची झाली आहे. शिवाय २०१५ नंतरचा सिंहस्थ हा २०२६-२७ सालचा. अशा पर्वकाळीं जगाचें लक्ष त्र्यंबकेश्वराकडे लागतें, आणि नवनव्या सोयींच्या कल्पनाही निघतात. तेव्हां या क्षेत्रावरून आकाशमार्गें सहल करावयाची झाली, तर तींत काय पाहावें, कसें पाहावें आणि कोणतें पथ्य पाळावें, याचा विचार आज करूं.

प्रथम यंत्राविषयीं थोडेंसें. साध्या विमानाचे पंख स्थिर असतात. विमान वेगानें धांवलें म्हणजे त्या पंखांवरून हवा वाहते आणि पंखांस वर उचलते. धांवणें थांबलें कीं ही उचल संपते. म्हणून विमानास आकाशांत उभें राहतां येत नाहीं. हेलिकॉप्टरांत युक्ति अशी कीं, यंत्र जागच्या जागीं असलें तरी पंख मात्र फिरते ठेवावयाचे. जत्रेंत मिळणारें भिरभिरें दोन तळहातांत घुसळून सोडलें म्हणजे वर उडतें, तोच हा न्याय. डोक्यावरचीं लांब पातीं हवेला खालीं ढकलतात, आणि तितक्याच जोरानें हवा त्यांना वर ढकलते. परंतु पातीं एका दिशेस फिरूं लागलीं कीं खालचा सांगाडा उलट दिशेस गरगरूं पाहतो. त्यास आवर घालण्याकरितां शेपटीच्या टोंकास एक लहान उभा पंखा बसविलेला असतो. रशियांतून अमेरिकेंत गेलेले इगोर सिकोर्स्की यांनीं १९३९ सालच्या सप्टेंबरांत याच रचनेचें यंत्र जमिनीवरून उचलून दाखविलें. आजचीं बहुतेक हेलिकॉप्टरें त्याच घराण्यांतलीं आहेत.

इंजिन बंद पडलें तर हें यंत्र दगडासारखें कोसळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. यंत्र खालीं येऊं लागलें म्हणजे खालून येणारा वाराच पात्यांना फिरतीं ठेवतो, आणि जमीन जवळ येतांच वैमानिक पात्यांचा कोन बदलून त्या फिरण्यांतली शक्ति उतरण्याचा वेग कमी करण्याकडे लावतो. २१ जून १९७२ रोजीं झां बुले या फ्रेंच वैमानिकानें लामा नांवाचें हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलें. आपल्या सैन्यांतील चीता हेलिकॉप्टर याच लामाच्या नमुन्यावर तयार झालें. त्या उंचीवर बुले यांचें इंजिन बंद पडलें, आणि तेथून थेट जमिनीपर्यंत ते केवळ वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या आधारानें सुखरूप उतरले. मात्र या उपायास दोन गोष्टी लागतात : हाताशीं पुरेशी उंची आणि खालीं मोकळी जागा. डोंगरकड्याला घांसून, दरीच्या तोंडांत शिरून उडणाऱ्या यंत्रापाशीं या दोहोंपैकीं एकही नसते. ही गोष्ट पुढें पुन्हां उपयोगी पडेल.

डोंगरावर हवा विरळ असते. ब्रह्मगिरीच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर. तेथील हवा समुद्रकांठच्या हवेहून सुमारें एक-अष्टमांशानें पातळ; वैशाखांतल्या उन्हानें ती तापली म्हणजे आणखीच पातळ. पात्यांना ढकलावयास हवाच कमी मिळाली कीं उचलही कमी होते. म्हणून उड्डाणापूर्वीं प्रत्येक उतारूचें वजन करतात व त्याप्रमाणें कोणीं कोठें बसावें हें ठरवितात. यांत कोणास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. तो तराजू आपल्याच जिवाच्या काळजीचा आहे. यंत्राकडे जातांना नेहमीं समोरून, वैमानिकाच्या नजरेसमोरून जावें. शेपटीकडे कधींही फिरकूं नये, कारण वेगानें फिरणारा तो लहान पंखा डोळ्यांस दिसतच नाहीं. टोपी, उपरणें, पदर हीं आवरून धरावीं.

काळ कोणता निवडावा? पावसाळ्यांत ब्रह्मगिरी ढगांत बुडालेला असतो, आणि डोंगरांत ढगांत शिरणें हें हेलिकॉप्टरचें सर्वांत मोठें संकट. १५ जून २०२५ रोजीं केदारनाथहून परतणारें हेलिकॉप्टर खराब हवेंत कोसळून त्यांतील सातही माणसें प्राणांस मुकलीं. उन्हाळ्यांत हवा धुरकट असते व दुपारीं तापलेल्या कड्यांवरून उठणारे झोत यंत्राला हिंदकळवितात. राहतां राहिला दसऱ्यानंतरचा काळ, आणि त्यांतही सकाळचा पहिला प्रहर. तेव्हां धूळ बसलेली असते, ऊन तिरपें असतें, आणि प्रत्येक घळीची व कड्याची सांवली उठून दिसते. वैमानिकानें हवा ठीक नाहीं म्हणून सहल रद्द केली, तर त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. त्याचे आभार मानावे.

आतां आपण नाशिकहून पश्चिमेकडे निघालों आहों असें समजा. त्र्यंबकेश्वर मोटाररस्त्यानें सुमारें २८ किलोमीटर आहे. ताशीं २०० किलोमीटर वेगानें हा मार्ग आठनऊ मिनिटांत संपतो. इतक्या थोड्या वेळांत डोळ्यांस पुष्कळ काम आहे. उजव्या हातास गंगापूरच्या मातीच्या धरणाचा जलाशय पसरलेला दिसेल. नाशिक शहराचें पिण्याचें पाणी मुख्यत्वें येथलें. शहर मागें पडतें तसतसा जमिनीचा रंग पालटतो. नाशिक शहरास वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर इगतपुरीस तो तीन हजारांहून अधिक. म्हणून पूर्वेकडे द्राक्षमळ्यांच्या आंखलेल्या ओळी, आणि पश्चिमेकडे भातखाचरांचे वेडेवांकडे बांध व उतारावरची नागली. पावसाचा हा उतरता हिशेब पुस्तकांत आंकड्यांनीं वाचावा लागतो. येथें तो जमिनीवरच रंगवून ठेवलेला आहे.

मग डाव्या हातास अंजनेरी येतो. हनुमंताचें जन्मस्थान अशी त्याची ख्याति आहे. उगवत्या सूर्याला फळ समजून आकाशांत झेंप घेणाऱ्या त्या बाळाची कथा ज्या डोंगराशीं जोडली आहे, त्यावरून उडतांना आपल्या यंत्राचा फार अभिमान वाटूं नये, हें बरें! अंजनेरीच्या पुढें ब्रह्मगिरीची भिंत, आणि तिच्या पायथ्याशीं त्र्यंबकेश्वर गांव. गांवाच्या मध्यभागीं काळ्या पाषाणाचें मंदिर. नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ सालीं त्याचें काम आरंभिलें व तें १७८६ सालीं पुरें झालें. जवळच कुशावर्ताचा चौकोनी कुंड. हें सर्व ओळखूं येतें. पण एक वस्तु शोधूनही सांपडत नाहीं, आणि ती म्हणजे नदी. ज्या गोदावरीसाठीं हें क्षेत्र झालें, तिच्या गांवांतील पात्राचा बराच भाग सिमेंटखालीं झांकला गेला आहे. गांवांतून हिंडणाऱ्या यात्रेकरूस हें सहसा लक्षांत येत नाहीं, कारण त्याची दृष्टि कुंडावर असते. वरून पाहणाऱ्यास मात्र डोंगरांतून उतरलेली पाण्याची रेघ घरांच्या दाटींत शिरतांना दिसते व तेथेंच हरवते.

यानंतर यंत्र ब्रह्मगिरीच्या माथ्याहून उंच गेलें, म्हणजे या सहलीचें खरें सार्थक होतें. उंचीवरून किती दूरचें दिसावें याचा एक सोपा हिशेब आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्यास साडेतीननें गुणावें. येणारी संख्या म्हणजे समुद्राच्या बाजूस क्षितिजाचें किलोमीटरांतील अंतर. १,५०० मीटरांचें वर्गमूळ ३९ च्या आंत-बाहेर. म्हणजे क्षितिज सुमारें १३५ किलोमीटरांवर. आणि अरबी समुद्र तर येथून अवघा ८० किलोमीटर! हवेंतील धुरकटपणामुळें तो डोळ्यांस दिसेलच असें नाहीं. पण गणितानें तो आपल्या दृष्टीच्या टप्प्यांत आहे. समुद्राच्या इतक्या जवळ जन्मलेली गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. देशाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याचें पाणी ती वाटेंत गोळा करते.

असें कां व्हावें? वर्गांत फळ्यावर रेघा ओढून पाणलोट समजावून देणें कठीण जातें. येथें तो धडा एका दृष्टिक्षेपांत कळतो. डोंगराची धार हें घराचें आढें समजा. आढ्याच्या एका बाजूस पडलेला थेंब पुढल्या पागोळीस जातो, दुसऱ्या बाजूचा मागल्या. त्र्यंबकच्या डोंगरांचें आढें असेंच आहे. पूर्वेच्या उतारावरचें पाणी गोदावरीचें; आणि याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा वळसा घेऊन पश्चिमेस, अरबी समुद्राकडे जाते. गोदावरीचें पाणी गंगापूरला अडून नाशिकला मिळतें, पुढें पैठणच्या नाथसागरांत मराठवाड्यास मिळतें. वैतरणेवर १९५७ सालीं मोडकसागर, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा व २०१४ सालीं मध्य वैतरणा असे बांध पुरे झाले. त्यांचें पाणी मुंबईच्या नळांस येतें. म्हणजे नाशिकच्या गृहिणीची कळशी आणि मुंबईच्या चाळींतील पिंप हीं एकाच छपराच्या दोन पागोळ्यांखालीं ठेवलेलीं आहेत. ज्यांनीं आयुष्यांत त्र्यंबक पाहिलें नाहीं, अशा लक्षावधि कुटुंबांचा त्याच्याशीं संबंध आहे, तो असा.

या छपराची घडणही वरून चांगली समजते. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून शिलारस पुनःपुन्हां वाहिला व थरावर थर थिजत गेला. थर कठीण असला तर त्याचा उभा कडा राहिला. ठिसूळ असला तर तो झिजून त्याची माची झाली. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या दगडाच्या इंग्रजी नांवांतील ट्रॅप हा शब्दही मूळ जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. पश्चिमेस दिसणारा हरिहर किल्ला पाहा : वरून त्याचा माथा त्रिकोणी दिसतो, आणि त्याच्या कातळांत माणसानें कोरलेला जिना उन्हांत चमकतो. जिन्यासारख्या डोंगरावर आणखी एक जिना! या थरांचा उपयोग केवळ शोभेचा नाहीं. पावसाचें पाणी सच्छिद्र व भेगाळलेल्या थरांतून मुरतें, खालच्या घट्ट थरावर अडतें, आणि आडवें वाहून कड्याच्या पोटांतून झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. पाऊस चार महिन्यांचा. झरे त्याहून पुष्कळ अधिक काळ चालतात, ते या मुरण्यामुळें. माथ्यावरची झाडी व माती हें या टांकीचें तोंड, आणि डोंगराचा उतार ही तिची भिंत.

म्हणूनच आकाशांतून जे तांबडे ओरखडे दिसतात ते पाहून मन उदास होतें. डोंगराचा पायथा मुरूम-मातीसाठीं किंवा घरें बांधण्यासाठीं कापला कीं उतार हिरवा न राहतां जखमेसारखा लाल दिसतो. २०२१ सालीं ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं झालेल्या उत्खननाविरुद्ध नाशिकच्या नागरिकांनीं मोठा आवाज उठविला होता. रस्त्यावरून जाणाऱ्यास असा एक खड्डा म्हणजे एक खड्डाच दिसतो. वरून पाहणाऱ्यास तो खड्डा, त्याच्या वरची घळ, खालचा ओढा आणि दूरवरचें धरण हें सर्व एकाच सांखळीचे दुवे दिसतात. आकाशांतून पाहण्याचा सर्वांत मोठा लाभ मी हाच समजतों.

परंतु, श्रोतेहो, पाहणाऱ्यानें पाहिलेल्या वस्तूस उपद्रव देऊं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें. या कड्यांचे खरे आकाशचारी रहिवासी आपल्या आधींपासून येथें आहेत. अंजनेरीच्या व ब्रह्मगिरीच्या उभ्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांचीं घरटीं आहेत. मेलेलीं जनावरें खाऊन गांवें स्वच्छ ठेवणारा हा पक्षी १९९० नंतरच्या काळांत देशांतून जवळजवळ नाहींसा झाला; शंभरांतील सत्त्याण्णव नष्ट झाले. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध त्यांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन मूत्रपिंडें निकामी करी. २००६ सालीं त्या औषधाच्या पशूंवरील वापरास बंदी झाली. उरलेल्या पक्ष्यांची वाढ फार सावकाश होते, कारण मादी वर्षाकांठीं एकच अंडें घालते. आणि हा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरांत सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. म्हणजे आपल्या सहलीस जो काळ उत्तम, नेमका तोच! कड्याजवळून मोठा आवाज गेला तर पक्षी घरटें सोडून उडतो, आणि उघडें पडलेलें अंडें किंवा पिलूं उन्हाच्या व कावळ्याच्या स्वाधीन होतें. अंजनेरीच्या माथ्यावर तर २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं नव्यानें नोंदविलेली एक कंदीलपुष्पाची जात आहे, आणि तिला त्या डोंगराचेंच नांव मिळालें आहे. २०१७ सालीं अंजनेरीचा कांहीं भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, तो अशा ठेव्यासाठीं. अंजनेरी व ब्रह्मगिरी यांना जोडणाऱ्या रज्जुमार्गाची योजना निघाली, तेव्हां निसर्गप्रेमी मंडळींनीं तिला हरकत घेतली तीही मुख्यतः या गिधाडांकरितां.

इतर देशांनीं या बाबतींत काय केलें तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीवर १८ जून १९८६ रोजीं देखावा दाखविणारें एक विमान व एक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन २५ माणसें मृत्यु पावलीं. पुढल्याच वर्षीं तेथें कायदा झाला, आणि त्यांत उतारूंच्या सुरक्षिततेबरोबर दरीची नैसर्गिक शांतता परत मिळविण्याचीही तरतूद झाली. शांतता ही देखील देखाव्यासारखीच सार्वजनिक मालमत्ता आहे, असें एका राष्ट्रानें कायद्याच्या भाषेंत मान्य केलें. आपल्याकडेही केदारनाथच्या अभयारण्यावरून उडतांना जमिनीपासून ६०० मीटर उंची राखावी, असें बंधन सुचविलें गेलें. त्र्यंबकास हेंच पथ्य लागू करण्यास काय हरकत आहे? कड्यांपासून दूर राहावें, खालीं उतरून घिरट्या घालूं नयेत, विणीच्या दिवसांत घरट्यांचे कडे वर्ज्य करावे, आणि पूजेच्या वेळीं मंदिरावर घरघर नसावी. यांत उतारूचा तोटा कांहींच नाहीं. पाणलोटाची जी रेषा पाहावयास आपण जातों, ती उंचावरूनच नीट दिसते; आणि वर सांगितल्याप्रमाणें, यंत्र बिघडलें तर तीच उंची जीव वांचविते. पक्ष्याचें हित आणि प्रवाशाचें हित येथें एकच आहे.

शेवटीं चालण्याविषयीं. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं सहस्रावधि माणसें ब्रह्मगिरीची फेरी करतात. लहान फेरीही वीस किलोमीटरांच्या घरांत जाते. अशाच एका फेरींत वाघाच्या भयानें बाल निवृत्तिनाथ आईबापांपासून चुकले, एका गुहेंत शिरले, आणि तेथें त्यांना गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा सांगते. वाट चुकण्याची ही सवलत आकाशांत नाहीं! दगडाचा खडबडीतपणा, झऱ्याचा गारवा, चिखलांत रुतणारा पाय, हें वरून कळणारें नव्हे. म्हणून ज्यास परवडेल व ज्याचें मन घेईल, त्यानें आकाशांतून त्र्यंबक अवश्य पाहावें. परंतु शक्य असेल तर आधीं एकदां फेरी चालावी. ज्याच्या पायांना वय झाल्यामुळें फेरी साधत नाहीं, त्यानें निदान नकाशा पुढें घेऊन डोंगरांचीं व नद्यांचीं नांवें पाठ करून जावें. नांव ठाऊक नसलेला देखावा घरीं पोंचेपर्यंत विसरला जातो. आणि नळ सोडतांना आपलें पाणी कोणत्या उतारावरून आलें, हें ज्यास एकदां वरून दिसलें, तो त्या उताराविषयीं पुन्हां बेफिकीर राहूं शकणार नाहीं.